पदरातून गाळलेली पूड

माझ्या आईला एकाच डोळ्यानं दिसतं, असं मी कुणाला सांगितलं की ती चिडायची. "दोन हायेत की मला," म्हणायची. "एक जरा सुट्टीवर गेलाय." तिचा डावा डोळा काचबिंदूनं गेला होता. गेला तेव्हा ती फुलंब्रीकडं शेतातच राहायची आणि डोळा जातोय हे तिला कळलंही नव्हतं. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो तो आजार. कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केले आणि उरलेल्या उजव्या डोळ्यासाठी थेंब लिहून दिले. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. वडील गेल्यावर मी तिला गारखेड्यात माझ्याकडं आणलं. एकच डोळा उरलेलं माणूस घरात असलं की अख्खं घर त्या डोळ्याभोवती फिरायला लागतं. दाराचा कोपरा, कपड्यांची तार, फोडणीतली मोहरी, सगळं मला त्या डोळ्याच्या दिशेनं निघालेलं दिसायचं.

नवरा हसायचा. तो शेंद्र्याला कंपनीत आहे, दिवसभर मोठमोठ्या यंत्रांत वावरतो, त्याला मोहरीची काय भीती! "आईंना एखाद्या काचेच्या कपाटात ठेव आणि बाहेरून रोज पुसत जा," म्हणायचा. मी म्हणायचे, हस बाबा हस, तुझं काय जातंय.

आईनं मात्र आल्या आल्या गच्ची ताब्यात घेतली. गावाकडं तिनं कापूस केला, तूर केली, ज्वारी केली. ज्याला भाव नाही, ज्यानं पोट भरत नाही, असं एक रोप तिनं कधी लावलं नव्हतं. इथं येऊन तिला फुलांचा नाद लागला. "जल्मभर खायाचं पिकवलं," म्हणायची, "आता बघायाचं पिकवते." कुंड्या, फुटक्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, जे मिळेल त्यात तिनं झाडं लावली. गावठी गुलाब, मोगरा, शेवंती, आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे लाल जास्वंद. नळाला पाणी येतं त्या दिवशी ती आधी गच्चीवरचा ड्रम भरून घ्यायची. त्यावरून आमची भांडणं व्हायची. घरात प्यायला पुरवून पुरवून वापरायचं आणि वर शेवंती मजेत न्हातेय!

झाडं म्हटली की किडी आल्याच. पण दुकानातली औषधाची बाटली घरात येणार नाही, हा माझा कायदा होता. लहान असताना शेजारच्या वावरात कापूस फवारणारा माणूस बांधावर आडवा पडलेला मी पाहिला होता. तोंडाला फेस आणि डोळे पांढरे. तो वाचला, पण त्या औषधाचा वास माझ्या नाकातून आजवर गेलेला नाही. आईला मी बजावून सांगितलं, झाडं सगळी वाळून गेली तरी चालेल, पण विष आणायचं नाही.

"बरं बाई, तुझ्या घरात तुझं राज्य," ती म्हणाली. आणि पाल्यापाचोळ्यावर आली. उन्हाळ्यात कॉलनीतल्या कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचायची, वाळवायची, कुटून पाण्यात भिजत घालायची. लसूण आणि हिरवी मिरची वाटून त्याचं पाणी मारायची, की खाली स्वयंपाकघरात आम्हाला ठसका. तंबाखू उकळायची. रिठ्याचा फेस करून त्यात हे सगळं मिसळायची, म्हणजे औषध पानाला धरून राहतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात तिच्या झाकलेल्या बादल्या असायच्या, त्यांचा वास देवालाही सोसला नसता. मी नाक दाबून जायचे, पण भीती मात्र वाटायची नाही. झाडाचंच झाडाला घालायचं, त्यात काय व्हायचंय? उंबऱ्याला ठेच लागेल म्हणून भिणाऱ्या बाईला त्या बादल्यांची भीती वाटू नये, कमाल आहे की नाही?

कीड शोधायची तिची एक पद्धत होती. पानाच्या खालून बोट फिरवायची. चिकट लागलं तर म्हणायची, मावा. पिठाळ, मऊ लागलं तर पिठ्या ढेकूण. शेजारी उभी राहून मी डोळे फाडून बघत असायचे, मला काही दिसायचं नाही, आणि ही बोट पुसत म्हणायची, "लागलं बघ मेलं." पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम वर नेऊन ते दाखवायचे. माझ्या आईला बोटांनी कीड कळते म्हणून मिरवायचे.

तपासणीचं मात्र राहून जायचं. डोळ्याचा दाब बघून यायला हवा होता. ती म्हणायची, "मला दिसायलंय की सगळं. पुढच्या महिन्यात जाऊ." आणि खरं सांगते, ती असं म्हणाली की मला हायसं वाटायचं. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचं, आत काय सांगतील याची वाट बघत, ते एक महिना तरी टळायचं. भित्र्या माणसाचं असंच असतं. ज्याची भीती त्याच्याकडं बघायचंच नाही.

त्या वर्षी होळी होऊन ऊन तापायला लागलं आणि जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरं पांढरं, कापसाचे पुंजके चिकटवल्यासारखं. कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. आईनं निंबोळीचं पाणी मारलं, रिठा मारला, तंबाखू मारला. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुंग्यांची रांग तर खोडावरून अशी चाललेली, जणू तिथं त्यांचा बाजार भरलाय.

"आता सीताफळाच्या बियांशिवाय हे मरायचं नाय," आई म्हणाली.

बिया तिच्याकडं होत्याच. दिवाळीच्या सुमाराला दौलताबादकडची सीताफळं आली की आम्ही खायचो आणि ती ताटांतल्या बिया गोळा करायची, धुऊन वाळवून डब्यात भरायची. त्या बियांची ताकद मला लहानपणापासून माहीत होती. शाळेत कुणाच्या डोक्यात उवा झाल्या की त्या वर्गभर व्हायच्या. मग आई बिया वाटून लेप लावायची. पण आधी माझ्या डोळ्यांवर फडक्याची घट्ट पट्टी बांधायची, कपाळावर कापडाची वळी ठेवायची, आणि डोकं धुऊन होईपर्यंत माझे दोन्ही हात स्वतःच्या एका हातात धरून ठेवायची. "डोळ्यात गेलं तर डोळा जाळतंय ते," म्हणायची. हे मी एवढ्यासाठी सांगते, की जी बाई हे सगळं जाणत होती तिच्याच हातून ते झालं.

रविवार होता. नवऱ्याची शिफ्ट होती, घरात आम्ही दोघीच. मी टेबलाशी गवार मोडत बसले होते. आईनं जुन्या मिक्सरच्या भांड्यात बिया बारीक केल्या, भांडं बराच वेळ झाकून ठेवलं, पूड खाली बसू दिली. सगळं रीतसर. मी म्हटलं, चष्मा घाल. तिनं घातला. मी म्हटलं, गाळायला जुनं धोतराचं फडकं देते. "पदर हाय की," ती म्हणाली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं होतं. खाली फरशीवर बसून तिनं पदर ताटावर ताणला, त्यावर पूड घातली आणि बोटानं हलकेच गाळायला लागली. वस्त्रगाळ पूड पाण्यात नीट उतरते, फवाऱ्याच्या भोकात अडकत नाही, असं तिचं म्हणणं.

उरलेल्या पुडीचा डबा तिच्या उजव्या हाताला होता. तिचं कोपर त्याला लागलं. डबा कलंडला, पूड भसकन वर उडाली. ती खोकली. "ह्या डब्याला काय धाड भरली," म्हणाली आणि डबा सरळ केला. चष्मा काढला आणि सवयीनं पदराच्या टोकानं डोळा पुसला. उजवा.

पुढची किंकाळी आईची होती हे मला क्षणभर कळलंच नाही. बाळंतपणातसुद्धा ओरडली नाही म्हणून जिची गावात गोष्ट सांगतात, ती माझी आई फरशीवर कपाळ टेकून "जळालं, माय गं, जळालं" म्हणत होती. गवारीची शेंग माझ्या हातातच. मला वाटलं, मी आयुष्यभर ज्याला भीत आले ते हेच. आलं ते. आज आलं.

नळाला पाणी नव्हतं, येण्याचा दिवसच नव्हता. पिण्याच्या पाण्याचा हंडा ओढत आणला, तिला मोरीत बसवलं, तांब्यानं पाणी सोडायला लागले. पापणी घट्ट मिटलेली. "आई, डोळा उघड!" "उघडत नाय गं!" मी दोन बोटांनी पापणी फाकवायला गेले तर तिनं माझा हात झटकला. मग मी तिच्या अंगावर ओरडले. आईवर असं मी कधीच ओरडले नव्हते. तिचं डोकं काखेत दाबून धरलं आणि पापणी ओढून पाणी सोडत राहिले, हंडा रिकामा होईपर्यंत. आतलं पांढरं लालभडक झालेलं. आणि मधला काळा भाग, तो मला काळा वाटेना. त्यावर धुकं होतं. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आहे म्हणून. मी बाहीनं डोळे पुसले. धुकं तिथंच होतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, रिक्षा कर आणि नीघ, मी परस्पर दवाखान्यात येतो. रिक्षावाला म्हातारा होता. आईकडं बघून त्यानं मीटरचं नावच काढलं नाही. "बैठो, अम्मा, बैठो," म्हणाला आणि सूतगिरणी चौकातून अशी रिक्षा काढली की एरवी मी त्याला उतरवून चांगलं सुनावलं असतं. तेव्हा मला ती मुंगीच्या पावलानं जातेय असं वाटत होतं.

आईच्या डोळ्यातून पाण्याच्या धारा. ती पुसत होती. कमी व्हायच्या जागी आग वाढतच होती, आणि ती पुन्हा पुन्हा पुसत होती. मी म्हटलं, आण इकडं, मी पुसते. तिच्या हातातलं टोक घेतलं, तर बोटांना खरखरीत लागलं. बघते तर लुगड्याच्या विणीत पिवळसर पांढरी भुकटी भरलेली. देवा! तोच पदर! पूड गाळलेला पदर! घरातून निघाल्यापासून ती त्याच पदरानं डोळा पुसत होती, आणि मी शेजारी बसून धीर धर, धीर धर म्हणत होते. पदर तिच्या हातातून हिसकावला, त्याचा बोळा केला, माझ्या मांडीखाली दाबला आणि जालना रोडवरचा दवाखाना येईपर्यंत त्यावर बसून राहिले. तिच्या हाती माझी ओढणी दिली.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी आधी काही विचारलंच नाही, सलाईनची बाटली लावून डोळा धुवायला घेतला. बधिर करायचे थेंब घातले तेव्हा आईचं कण्हणं थांबलं, आणि ते थांबलं म्हणून मी जास्तच घाबरले. मग पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं.

"बुबुळावरचं पातळ आवरण पूर्ण सोलवटून निघालंय," त्या म्हणाल्या. "सीताफळाच्या बियांनी होतं असं. बहुतेकांचं भरून येतं. दुसरा डोळा कसा आहे?"

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते "बहुतेकांचं" जरा मागं सरकलं, मला दिसलं ते.

"काचबिंदूची शेवटची तपासणी कधी केली होती?"

"झाली की... मागं," मी म्हणाले.

"आत्ता बुबुळ धुरकट आहे, आतलं काही बघता येणार नाही. आधी हे भरू दे. जंतू जाऊ द्यायचा नाही. रोज यायचं, पट्टी इथंच सोडायची, इथंच बांधायची."

आणि आईच्या चालत्या डोळ्यावर पट्टी बांधली गेली. म्हणजे दोन्हीकडं अंधार.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेत मी गणित शिकवते, तिथं रजा टाकली. तासातासाला तिच्या पट्टीकडं बघायचे, ओली झाली का, पिवळं काही आलं का. ती झोपली की मी माझे डोळे मिटून घरात चालून बघायचे. दिवाणापासून मोरीपर्यंत. चार पावलांत जीव घाबराघुबरा व्हायचा आणि मी डोळे उघडायचे. माझे उघडायचे, म्हणून मला उघडता यायचे. तिचे नाहीच उघडले तर? गावाकडून भावाचा फोन आला, मी त्याला म्हटलं, सगळं छान आहे. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

आई मात्र शांत. मला वाटलं होतं तिला हाताला धरून सगळीकडं न्यावं लागेल. पहिल्याच दिवशी मी चहा गाळत होते, वळून बघते तर दिवाण रिकामा. ती मोरीतून परत येत होती. एकटी. दाराच्या चौकटीला बोटाची पाठ लावली, वळली, खुर्चीला वळसा घातला, बसली. चहाचा कप मी ठेवला तिथून अचूक उचलला. मला बरं वाटायला हवं होतं. नवऱ्याला मी म्हटलंही, बघ, किती पटकन सरावली. तो "हं" म्हणाला आणि तिच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "फारच पटकन." मला त्याचा राग आला. काही चांगलं झालेलं याला बघवत नाही, असं वाटलं. पण त्यानंतर मलाही तिच्याकडं बघताना अंगावर काटा यायला लागला. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

तिला काळजी जास्वंदीची. "वर जाऊन ये गं. किती पसरलंय बघ." मी गेले. पांढरे पुंजके आता गुलाबापर्यंत पोचले होते. गाळलेल्या पुडीचं ताट मी त्याच दिवशी पिशवीत बांधून ठेवलं होतं, फेकायचंही धाडस होत नव्हतं, कुठं उडेल, कुणाच्या डोळ्यात जाईल. हातमोजे घालून, नवऱ्याचा गॉगल लावून मी कापसाच्या बोळ्यानं रिठ्याचं पाणी लावत एकेक बेचकं पुसलं. खाली येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "पान आणलंस का एखादं?" मी आणलं. तिनं पानाखालून बोट फिरवलं, पट्टीच्या आतून जसं काही बघितलंच. "ऱ्हायलंय अजून. हे बघ, शिरेजवळ," म्हणाली आणि नखानं बरोब्बर तो ठिपका काढला. पान हातात धरताना तिचं तोंड नेहमीसारखंच होतं. गच्चीवर रोज असायचं तसंच. मी पटकन पान घेतलं आणि टाकून दिलं.

पट्टी सुटायच्या दिवशी नवरा रजा घेऊन आला. तिघं गेलो. डॉक्टरांनी पट्टी काढली, पिवळं औषध घातलं, निळा उजेड टाकला.

"भरलंय. छान भरलंय. जखम नाही राहिली," त्या म्हणाल्या.

"आई, मी दिसते का?"

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं, थोडं इकडं केलं, थोडं तिकडं केलं, मग म्हणाली, "दिसायलीस की. केस विंचरले नाय तू सकाळपासून."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले, रडले, नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिले. सुटलो एकदाचे! मनातल्या मनात मी पेढ्यांचं दुकानसुद्धा ठरवलं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की डॉक्टर हसत नाहीत. त्या भिंग लावून आईच्या डोळ्यात आत बघत होत्या. खूप वेळ. मग म्हणाल्या, "आता आतलं स्पष्ट दिसतंय. एक तपासणी करून घेऊ या."

आईला एका यंत्रासमोर बसवलं. समोर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठं ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं उभी होते. ठिपका वर चमकला, खाली चमकला, उजवीकडं चमकला, डावीकडं चमकला. मला सगळे दिसत होते. आईचा अंगठा बटणावर तसाच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाब, आई, आला बघ, दाब ना! अगदी मधोमध एक ठिपका आला तेव्हा कुठं बटण वाजलं.

डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला समजावून सांगितलं. बियांचा ह्याच्याशी संबंध नाही. काचबिंदूनं ह्या डोळ्याचीही कडेची सगळी नजर खाल्लीय. मधोमध एक छोटी खिडकी उरलीय, तेवढ्यातूनच त्यांना दिसतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं. थेंब वाढवू, महिन्याला यायचं, एकही वेळ चुकवायची नाही. "आणि हे एका महिन्यात झालेलं नाही. बरेच दिवसांचं आहे. त्यांना जाणवलं असणारच."

उजव्या हाताचा डबा मला तेव्हा कळला. चौकटीला लागणारी बोटाची पाठ कळली. पानाखालून फिरणारं बोट कळलं. पाहुण्यांना वर नेऊन नेऊन मी जे मिरवत होते ते काय होतं, ते कळलं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. "कधीपासून?"

ती पदर सारखा करत राहिली.

"आई, कधीपासून दिसत नाहीये तुला?"

"दिसतंय की. समोरचं दिसतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कामून सांगू? तुला एवढ्या एवढ्याचं भ्या वाटतंय. मोहरी तडतडली तरी तू पळत येतीस. म्या सांगितलं आसतं तर तू जेवली नसतीस, झोपली नसतीस. गच्चीला कुलूप लावलं आसतंस. खरं का नाय?" खरंच होतं. "माझं भ्या मला सांभाळाया येत व्हतं, बाई. त्यावर तुझं बी कुठं सांभाळू?"

हे ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती अगदी हळू बोलली, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. नवरा औषधं घ्यायला गेला होता. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि ते मी केलं नाही, कारण मग ती माझ्याच डोक्यावरून हात फिरवत बसली असती.

आम्ही उठलो. दवाखान्याच्या दारात पायऱ्या होत्या, बाहेर लख्ख ऊन. इतके दिवस ती त्या पायऱ्या कठड्याला हात लावून माझ्याआधी उतरायची. त्या दिवशी वरच्या पायरीवर ती थांबली. आता कुणासमोर काही झाकायचं राहिलं नव्हतं. तिनं हवेत हात पुढं केला. माझ्या दिशेनं नाही, थोडा बाजूला.

"हात दे," म्हणाली.

मी हात धरला. तिनं माझी बोटं इतकी घट्ट आवळली की बांगडी माझ्या मनगटात रुतली. तिचा हात थंडगार होता.

"लई भ्या वाटतंय गं मला," ती म्हणाली.

असं तिच्या तोंडून मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, घाबरू नको, मी आहे, असं काहीतरी. ते आलंच नाही तोंडात. मी खाली बघितलं.

"पायरी आहे," मी म्हणाले. तिनं पाय टाकला. "अजून एक आहे, आई."